बेटावरचं वाळवण



चैत्र-वैशाख आला की आपल्या अंगणात, गच्चीवर, खाटांवर वाळवण पडतं. बिबडे, कुरडया, पापड. त्याच दिवसांत आठवडे बाजारात सुक्या मासळीची रांगही लांबते. चोपडा असो, शिरपूर असो की साक्री, ही रांग बहुतेक बाजाराच्या टोकाला असते. गोणपाटावर बोंबील, सुकट, खारा बांगडा. पावसाळ्यात भाजीपाला मिळत नाही, मजुरीही कमी, तेव्हासाठी बाया घेऊन ठेवतात. कळण्याची भाकर, ठेचा आणि निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, एवढ्यावर जेवण होतं. ज्यांच्या घरी मासळी चालत नाही त्यांनाही तो वास लांबून कळतो!

जळगावहून मुंबई रेल्वेनं चारशे किलोमीटरहून लांब. मग समुद्रातला बोंबील आपल्या चुलीपर्यंत आला कसा, आणि त्याचं वाळवण घालतं कोण, हे आज बोलायचं आम्ही ठरवलं.

त्यासाठी एका बेटावर जाऊ या. वसई तालुक्यात, वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथं अर्नाळा नावाचं लहानसं बेट आहे. ही वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातली, म्हणजे फार परकी नाही. बेटावर किल्ला आहे. १७३७ साली पेशव्यांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि दोन वर्षांनी वसईही घेतली. शाळेच्या पुस्तकातला इतिहास एवढ्यावर थांबतो. पण किल्ल्याच्या भिंतीबाहेर कोळ्यांची वस्ती आहे, आणि तिथल्या बाया उन्हाळाभर काय करतात ते त्या इतिहासात सापडत नाही.

बेटावरची मासेमारी घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं, पाण्याला जोराची ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ओढ मंदावते. त्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. आपल्या आजोबांना पाऊणकी पाठ असायची ती सावकाराचा हिशोब तपासायला, तिथं ती समुद्राचा हिशोब करायला कामी येते.

बोंबील धरायचं जाळं म्हणजे डोल. ही एक मोठी पिशवीच, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून तिचं तोंड ओढीच्या समोर ताणून धरतात. पाणी आरपार जातं, मासा शेपटात साठतो. ओढ थांबून पाणी उलटं फिरायच्या आत होडी घेऊन जायचं आणि जाळं उपसायचं. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की भर दुपार. पूर्वी ही जाळी तागाच्या, सुताच्या दोऱ्याची असत आणि टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. स्वातंत्र्यानंतर नायलॉन आलं, होड्यांना इंजिनं लागली.

होडी पुरुषांची. पण ओहोटीला उघडा पडलेला किनारा बायकांचा. खडकाला चिकटलेली कालवं ठोकून काढायची, वाळूतल्या शिंपल्या उकरायच्या. कंबर वाकवून तास-दोन तास. आपण कापूस वेचतो तेव्हा जी कंबर धरते तीच.

आणि होडी किनाऱ्याला लागली की मासळी बाईच्या ताब्यात. ताजी विकायची किती, वाळवायची किती, हे ती ठरवते. बोंबील फार नाजूक मासा. त्याच्या अंगात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. थोडा वेळ तसाच राहिला की लिबलिबीत होतो. म्हणून लगेच धुऊन वाळत घालायचा. बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडवाला, म्हणजे वलांडीला, दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दात आकड्यासारखे असतात, त्यामुळे गाठ मारावी लागत नाही. अशा शेकडो जोड्या रोज. पुढच्या वेळी बाजारात बोंबील घ्याल तेव्हा त्याचं तोंड बघा, वाकडं का असतं ते कळेल. जवळा, म्हणजे आपली सुकट, मात्र खाली पसरतात आणि सारखी परततात. कावळे-कुत्री हाकलायची, दव पडायच्या आत झाकायचं. हे सगळं आपल्याला सांगायला नको.

आता यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बोंबील आणि जवळा वाळवायला मीठ लागत नाही. ऊन आणि वारा पुरतो. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता, १९३० साली देशभर सत्याग्रह झाला तो त्याच्यासाठी, आणि १९४७ मध्ये तो उठला. बांगडा, मुशी खारवायची तर मीठ विकत घ्यायला हवं. बोंबलाला खर्च नाही, खर्च फक्त बाईच्या हातांचा, आणि तो कोणी धरत नाही. आमच्या मते बोंबील-सुकट गरिबाच्या घरात शिरली त्याचं एक मोठं कारण हेच.

घाट चढून ती आली कशी? आगगाडीच्या आधी वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणातलं मीठ देशावर आणत आणि धान्य खाली नेत. मिठाबरोबर इतक्या लांब न नासता येईल अशी समुद्राची दुसरी वस्तू म्हणजे सुकी मासळी. मग १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. १८६० नंतरच्या काही वर्षांतच थळ घाट ओलांडून रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आले. १९०० च्या सुमारास चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला. जायला कापूस, यायला बाकी सगळं, त्यात ही गोणीही.

बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत, म्हणजे मुंबईचं बदक! डाकगाडीच्या डब्यात त्याचा वास भरायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’चं ‘डक’ झालं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गमतीची, पण खरी नाही. हे नाव आगगाडी यायच्या आधीच इंग्रजी पुस्तकांत छापलेलं आहे. वासाची चेष्टा मात्र खरी आणि जुनी. आमच्या गटातल्या एकीची आजी बाजारात सुकट विकायची. एसटीत तिची पाटी चढू देत नसत, मग ती पहाटे चालत निघायची. तिच्या पैशावर घर चालायचं, हेही त्याच घरातलं.

कोळणीचं बळही तेच होतं, पैसा तिच्या हातात असे. पण माल लांब जाऊ लागला तसे मधे दलाल आले, आणि खानदेशात बोंबील कितीला विकला हे बेटावरच्या बाईला कळेनासं झालं. केळी पिकवणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. पुढं मोठ्या ट्रॉलर आल्या, बारीक आसाची जाळी आली, पिल्लंही उपसली जाऊ लागली. डोलीतही बारीक मासळी येते, तेव्हा सगळा दोष ट्रॉलरवर टाकून चालत नाही.

आणखी एक प्रश्न जमिनीचा. वलांडी उभी राहते ती वाळू कोणाच्या नावावर? बहुतेक ठिकाणी कोळणीच्या नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, सातबारा नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा बायकोच्या नावावर शेत करा म्हणून गावोगाव सभा झाल्या. पण निदान शेताला सातबारा होता. वाळूला काय मागायचं? किनाऱ्यावर रस्ता येतो, बंगले येतात. अर्नाळ्यात तर समुद्रच किनारा खातो आहे. वाळवणाची जागा गेली की नुकसान कोणत्या कागदावर लिहायचं? कागद नाही म्हणजे भरपाई नाही. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याला विरोध करणाऱ्यांत किनाऱ्यावरच्या बाया मोठ्या संख्येनं होत्या, तेव्हा त्यांच्याही मनात हाच प्रश्न होता.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्याआधी मे महिन्यात बेटावर आगोटीची धांदल असते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आपल्यासारखीच. शेवटच्या उधाणाचा माल वाळवून गोण्या भरतात, होड्या वर ओढून झाकतात, वलांडीचे बांबू सोडून घरात रचतात. त्यानंतर थेट नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. तोवर आपल्या बाजारात असतो तो वैशाखातला माल, आणि श्रावण जवळ येईल तशी गोणी तळाला जाते.