शेजाऱ्याच्या बोअरमुळे आपली विहीर आटली, तर कायदा कुणाच्या बाजूने?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या शिवारात एका शेतकऱ्याची ५० फुटांची विहीर आहे. धुऱ्याच्या पलीकडे शेजाऱ्याने ५०० फूट बोअर मारलं, पाणी लागलं, मोटर सुरू झाली. फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसायला लागला. आता भांडायचं कुणाशी? शेजारी म्हणणार, रान माझं, बोअर माझं, पैसे माझे. आणि जुना कायदा चक्क त्याच्याच बाजूने आहे.

जमीन ज्याची, पाणी त्याचं?

हा नियम आला इंग्लंडमधून. १८४३ मध्ये तिथे एक खटला गाजला. कोळशाच्या खाणीमुळे एका गिरणी मालकाची विहीर आटली होती. कोर्ट म्हणालं, खाणवाला स्वतःच्या जमिनीत खोदतोय, त्याला अडवता येणार नाही. हेच तत्त्व इंग्रजांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून भारतात आणलं. आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी उपसायचा हक्क जमीन मालकाला मिळाला. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचा या हिशेबात कुठेच पत्ता नाही. टँकरच्या रांगेत मात्र तोच सगळ्यात आधी उभा असतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानेही १९०४ मध्ये हाच नियम उचलला. रेल्वे कंपनीने मोठी विहीर खोदली, शेजारच्या घरमालकाची विहीर कोरडी पडली आणि कोर्टाने निकाल रेल्वेच्या बाजूने दिला. जमिनीखाली पाणी कुठून कुठे जातं हे कुणाला कळणार, असा तेव्हाचा युक्तिवाद होता.

आज ते बऱ्यापैकी कळतं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. हा साठा छोटा असतो. बोअरला केसिंग नीट नसेल, तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरू शकतं. म्हणजे विहिरीचं पाणी शेजाऱ्याने ‘ओढलं’ असं गावात म्हणतात, ते उगाच नाही.

मग महाराष्ट्राने काय केलं?

पहिलं पाऊल १९९३ चं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून किंवा बोअरपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, असा कायदा झाला. टंचाई जाहीर झाली, तर आजूबाजूच्या खासगी विहिरींच्या उपशावरही बंधन घालता येऊ लागलं. कायदा साधा होता, पण लोकांना तो फारसा माहीतच नव्हता.

त्यानंतर आला २००९ चा भूजल कायदा. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जून २०१४ पासून लागू झाला. ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर ही या कायद्यात ‘खोल विहीर’ ठरते. अधिसूचित क्षेत्रात अशा नव्या खोल विहिरींना बंदी आहे. याशिवाय विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोट क्षेत्राच्या समित्या आणि उपलब्ध पाणी पाहून पिकांचं नियोजन, असं बरंच काही त्यात आहे. मराठवाड्यात ६००-८०० फुटांच्या बोअरचं कुणाला नवल राहिलेलं नाही, त्यामुळे २०० फुटांची मर्यादा ऐकूनच अनेकांना धक्का बसतो.

या कायद्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी खुला झाला आणि वादाला तोंड फुटलं. खोल विहिरींवर शुल्क आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध हे दोन मुद्दे सगळ्यात जास्त झोंबले. शेतकऱ्यांचा सवाल होता, कालव्याचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही, पाऊस दगा देतो, मग बोअरही मारायचं नाही तर जगायचं कसं?

हा सवाल रास्त आहे. त्यातली खरी मेख वेगळीच आहे. बंदी नव्या विहिरींवर येते, तेव्हा आधीच चार बोअर मारून ऊस लावलेल्याचं फारसं बिघडत नाही. अडकतो तो पैशाअभावी आजवर थांबलेला कोरडवाहू शेतकरी. शुल्काची पट्टी सगळ्यांना सारखीच लावली, तरीही मार त्यालाच जास्त बसणार. सुधारणा करायची असेल तर जुन्या उपशाचंही मोजमाप हवं, आणि नेमकं त्यालाच हात लावायला कुणी तयार नसतं.

सरकारचंही दोन दिशांना तोंड आहे. एकीकडे उपसा रोखणारा कायदा, दुसरीकडे २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज. बिल येणारच नसेल, तर मोटर बंद करायला उठणार कोण?

तिकडे काय चाललंय?

कॅलिफोर्नियाने भीषण दुष्काळात, २०१४ मध्ये, भूजलाचा कायदा केला. स्थानिक संस्थांनी आपापल्या खोऱ्याचा आराखडा करायचा आणि साधारण २० वर्षांत उपसा आणि पुनर्भरणाचा मेळ घालायचा. तिथेही बदामाच्या बागा असलेले मोठे शेतकरी आणि घरातला नळ कोरडा पडलेली गावं यांच्यात वाद आहेतच.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कायद्याची वाट पाहिली नाही. शेतीसाठी बोअर मारायचं नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे ग्रामसभेत ठरलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून रब्बीची पिकं ठरतात. पण तिथे आधी अनेक वर्षं पाणलोटाची कामं झाली होती. विहिरींना पाणी आलं, मग बंदी पचली.

राणीसावरगावपासून जवळच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वेळी २००९ चा कायदा लागू होऊन जवळपास दोन वर्षं झाली होती.