संयुक्त क्रियापद, वऱ्हाडीतील

धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध होतो, तेव्हा संयुक्त क्रियापद बनते. यवतमाळ जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत चालू क्रियेसाठी ‘करून राहिला’ अशी रचना रूढ आहे. प्रमाण मराठीत तिथे ‘करत आहे’ येते. शाळेत ही वऱ्हाडी रचना अशुद्ध ठरवली जाते. पण ‘तो निघून राहिला’ हे वाक्य पाहावे. निघणारा थांबत नाही, म्हणजे ‘राहणे’ने इथे आपला मूळ अर्थ सोडला आहे आणि ते केवळ क्रिया चालू असल्याचे दाखवते. लिंग-वचनही तेच सांभाळते: ती येऊन राहिली, ते येऊन राहिले. रूप भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा. भूतकाळासाठी पुढे ‘होता’ जोडावा लागतो. इतकी शिस्त चुकीत नसते.

ही हिंदीची नक्कल आहे, असा आक्षेप घेतला जातो. शेजाराचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही, परंतु हिंदी ‘कर रहा है’ मध्ये नुसता धातू येतो, तर वऱ्हाडीत मराठीचे ‘-ऊन’ रूप. ‘देऊन टाकले’, ‘करून ठेवले’ यांचाच हा साचा. संदिग्धतेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘मुलगी माहेरी जाऊन राहिली’ याचा अर्थ पुण्यात ‘तिथे मुक्काम केला’, यवतमाळात ‘जात आहे’. तरी बोलणाऱ्यांचा गोंधळ होत नाही, कारण प्रसंग अर्थ ठरवतो. इंग्रजीतही चालू काळ सहायक क्रियापदावरच उभा असतो, आणि तिथे त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.