गिरणगावातील घरांची सोडत

आपल्या लालबाग-परळात घर मिळणे हे नशिबाचे काम, असे आपण सहज म्हणतो. परंतु सरकारी घर कोणाला द्यावयाचे हा प्रश्न नुसता नशिबाचा नाही, न्यायाचाही आहे. मुंबईत तो शंभर वर्षांहून जुना आहे.

१८९६ साली प्लेग आला व १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांतून कामगारांच्या पिढ्या वाढल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला, एक म्हाडाला व एक मालकाला. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती राहिली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. घरांसाठी मिळणारी जमीन त्यामुळे फारच घटली. तरीही कामगारांनी मोर्चे काढून आपला हक्क सोडला नाही.

घरे थोडी व मागणारे फार, म्हणून सोडत आली. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. घराची किंमत साडेसात लाख होती. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील घरे धरून ३,८९४ घरांची सोडत झाली. त्या वेळी कामगारांचे व वारसांचे मिळून अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास होते!

सोडतीत वशिला चालत नाही, हा तिचा मोठा गुण. पण सोडतीच्या आधी पात्रता ठरते, आणि तिथे कागद लागतात. बदली कामगाराच्या विधवेने जुने तिकीट, फंडाची पावती आणावी कोठून? ज्याने ट्रंकेत कागद जपले तो पात्र, आणि ज्याची खोली पावसात गळली तो अपात्र, हा न्याय अपुरा आहे.

दुसरी गोष्ट खाजगीपणाची. आमच्या शेजारच्या एका बाईंचे नाव यादीत लागले. दुसऱ्याच दिवशी दलाल दारात उभा! वर्षानुवर्षे न फिरकलेले नातेवाईकही वाटा मागू लागले. घर मिळाल्याच्या आनंदापेक्षा त्यांना धास्तीच अधिक वाटली.

म्हणून यादी लपवावी असे मी म्हणत नाही. ती लपविली तर वशिल्याला पुन्हा वाट मिळेल. सोडत चारचौघांत व्हावी, अर्ज क्रमांक व निकाल सर्वांना दिसावा, नाकारल्याचे कारण अर्जदाराला लेखी मिळावे. मात्र आधार, बँकेचे पुस्तक, फोन नंबर, घरातील वारसांची भांडणे ही कचेरीच्या कपाटातच राहावीत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. तो चाळीतल्या बाईलाही आहे.

मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती, की घरातले जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा, पण कोणा अनोळख्याच्या हाती त्यांच्या प्रती देऊ नका. अर्ज भरताना अडचण आली तर आपण मंडळात एकत्र बसून तो भरू.