मीठ कमी करणारा स्वयंपाक (वर्धा जिल्हा)

मीठ कमी करणारा स्वयंपाक : पदार्थातील मीठ घटवून त्याची चव सुगंधी पाला, आंबट द्रव्ये आणि मसाला यांच्या आधाराने राखण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ खावे. जगाची सरासरी याच्या सुमारे दुप्पट आहे. जास्तीच्या सोडियममुळे शरीरात पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पक्षाघात व हृदयविकार यांचा धोका वाढतो. वर्धा जिल्ह्यात या विषयाला जुना संदर्भ आहे. मात्र तेथील आश्रमीय परंपरेने मीठ आणि मसाला यांना एकाच तागडीत टाकले. आरोग्याच्या दृष्टीने त्यांची फारकत करणे गरजेचे आहे.

महात्मा गांधी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. अस्वाद (चवीचा मोह टाळणे) हे त्यांच्या आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक. त्यामुळे तेथील जेवण साधे, उकडलेले आणि बिनमसाल्याचे असे. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात गांधींनी मीठ आणि डाळी सोडल्या होत्या. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाशी याचा विरोध नाही: तो लढा मिठावरील कर आणि सरकारी मक्तेदारी यांविरुद्ध होता, जास्त मीठ खाण्यासाठी नव्हता. परंतु अस्वादाचा हेतू जिभेवर ताबा मिळवणे हा होता. रक्तदाबाच्या दृष्टीने दोष मिठातील सोडियमचा आहे. लसूण, जिरे, मिरे किंवा कोथिंबीर यांच्यावर तो ठपका येत नाही. व्रत म्हणून चव सोडणे थोड्यांनाच जमते. चव ठेवून मीठ सोडणे घरोघरी जमू शकते.

त्यासाठी लागणारे साहित्य वैदर्भीय स्वयंपाकात आहेच. आंबाडी, चिंच, कैरी व लिंबू यांच्या आंबटपणामुळे कमी मिठाचा पदार्थ अळणी लागत नाही. फोडणीत तडतडलेला गोडलिंब (कढीपत्ता), लसूण आणि जिरे वास देतात. सांभार (कोथिंबीर) मात्र भाजी उतरवताना घालावा, कारण शिजवल्यावर त्याचा सुगंध उडतो. भाजलेले तीळ व जवस खमंगपणा आणतात. पाला घातला आणि मीठ पूर्वीइतकेच ठेवले, तर सोडियम तसूभरही कमी होत नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत मसाले व सुगंधी वनस्पती वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा दिवसाला सुमारे 1 ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ कमी खाल्ले. तेथे नुसता मसाला दिला नव्हता, स्वयंपाकाची सवयही बदलली होती. म्हणून श्रेय दोन्हींचे मानावे लागते.

या पद्धतीवर तीन आक्षेप येतात. पहिला, अळणी जेवण घशाखाली उतरत नाही. पण मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचेच प्रमाण खारट वाटू लागते. दुसरा, वर्ध्याच्या उन्हाळ्यात राबणाऱ्याला घामातून गेलेले मीठ भरून काढावे लागते. हे अंशतः खरे आहे. मात्र उन्हाची सवय झालेले शरीर घामातून कमी मीठ सोडते. दिवसभर उन्हात काम करणाऱ्याची गरज वेगळी मानावी, पण तीच मोजपट्टी कार्यालयात बसणाऱ्याला लावता येत नाही. तिसरा, मिठाबरोबर आयोडीनही कमी होईल. त्यावर उपाय आयोडीनयुक्त मीठच थोडे वापरणे आणि गरजेनुसार त्यातील आयोडीनचे प्रमाण ठरवणे हा आहे. त्यासाठी जादा मीठ खाण्याची गरज नाही. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

खरी मर्यादा पातेल्याबाहेर आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि बाजारातील चिवडा यांतून येणारे मीठ भाजीत गोडलिंब घातल्याने कमी होत नाही. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतेच. ठेचा तर ताटाच्या कडेला असूनही मिठाचा मोठा वाटा उचलतो. त्यात लिंबू व लसूण वाढवून मीठ निम्मे करणे शक्य आहे. म्हणून पाल्या-मसाल्याचा उपाय घरच्या भाजी-वरणापुरता प्रभावी ठरतो, आणि ताटाच्या डाव्या बाजूचे लोणचे-पापड-ठेचा हे वाढप आवरले तरच त्याचा हिशेब जुळतो.