आरोग्यकर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन मानसिक आधार

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक, आशा सेविका अशा आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना इंटरनेट किंवा मोबाइलवरून मिळणारी मानसशास्त्रीय मदत. व्हिडिओ कॉलवरचे समुपदेशन, चॅट, ज्याचे त्याने सवडीने करायचे धडे, मनःस्थिती तपासणाऱ्या प्रश्नावल्या आणि ॲप हे तिचे मुख्य प्रकार. टेलिफोन हेल्पलाइनही व्यवहारात याच सेवेचा भाग मानल्या जातात. अशा मदतीचे हेतू दोन असतात : माणसाचा त्रास कमी व्हावा आणि त्याचे काम पुन्हा नीट होऊ लागावे. रुग्णालयात दुसऱ्या हेतूला विशेष वजन आहे, कारण तिथे थकलेल्या माणसाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

मानसिक त्रासाचा कामावर होणारा परिणाम बहुतेक कार्यालयांत रजेच्या दिवसांवरून मोजला जातो. परिचारिकांना ते माप लागू पडत नाही. सिस्टर रोज वेळेवर ड्यूटीवर येते, हजेरीपट कोरा नसतो, तरी काम हातून सुटत चाललेले असते. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हे ओळखून परिचारिका आणि संबंधित व्यावसायिकांसाठी एक स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५० प्रश्न सात गटांत मांडलेले आहेत. कामातले लक्ष आणि विसर, निर्णय घेण्यातली अडचण, हातून घडलेल्या किंवा घडता घडता राहिलेल्या चुका, अवघड काम टाळणे, सहकाऱ्यांशी खटके, रुग्ण व नातेवाइकांशी तुटत गेलेला संवाद आणि उत्साह संपणे हे ते गट. एखाद्या वॉर्डात महिनाभर काढलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. हँडओव्हर देताना एका खाटेची नोंद राहून जाते, नातेवाईक दारात दिसले की पावले दुसऱ्या बाजूला वळतात, कालपर्यंत जिच्याशी डबा वाटून खाल्ला त्या मैत्रिणीवर क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो. निदान होण्याइतका आजार दिसण्याच्या आधीच अशा खुणा दिसू शकतात, आणि मदत पोचायला हवी ती त्या टप्प्यावर.

याच्याशी जोडलेली दुसरी संकल्पना बर्नआउटची, म्हणजे कामाने पूर्ण थकून जाण्याची. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजणारी २२ वाक्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ते उद्भवते, असे तिथे म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण कामात असेल, तर केवळ माणसावर उपचार करून भागत नाही.

ऑनलाइन आधाराच्या बाजूने एक ठोस पुरावा अमेरिकेतून आला आहे. इंटर्नशिपचे वर्ष सुरू होण्याआधी १९९ तरुण डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला मूडजिम या ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या संकेतस्थळावरचे संज्ञानात्मक वर्तनोपचाराचे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचे) धडे दिले : आठवड्याला एक, साधारण अर्ध्या तासाचा, असे चार. दुसऱ्या गटाला नैराश्याची माहिती आणि मदत कुठे मिळेल हे सांगणारे ईमेल गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार एकदा तरी आल्याचे पहिल्या गटातल्या १०० पैकी १२ जणांनी सांगितले, तर दुसऱ्या गटातल्या ९९ पैकी २१ जणांनी. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण दोन तासांच्या अभ्यासातून एवढा फरक पडणे ही मोठीच गोष्ट आहे. मात्र प्रयोगाचा मुख्य प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा होता, कामाच्या दर्जाचा नव्हता. शिवाय धडे देण्याची वेळही नेमकी साधली होती : ड्यूट्यांचा मारा सुरू होण्याआधीची.

ड्यूट्या सुरू झाल्यानंतर काय होते, ते ॲमस्टरडॅमच्याच एका विद्यापीठ-रुग्णालयातल्या अभ्यासातून दिसले. तिथल्या १,१४० परिचारिका व संबंधित व्यावसायिकांना निमंत्रण गेले. त्यांच्यापैकी जेमतेम एक-तृतीयांश सहभागी झाले. वॉर्डनिहाय गट पाडून एका गटाला ऑनलाइन तपासणी, तिचा निकाल लगेच पडद्यावर आणि निकालाला जुळणारे स्वयंसाहाय्याचे कार्यक्रम देण्यात आले. कार्यक्रम चांगले होते. ट्रिम्बॉस या नामवंत डच संस्थेने ते घडवले होते. तरीही ते प्रत्यक्ष सुरू करणारे फारच थोडे निघाले. ऑनलाइन आधाराचा खरा प्रश्न इथेच आहे. धडा चांगला की वाईट याच्याही आधी, तो उघडायला माणसाजवळ वेळ, एकांत आणि विश्वास आहे का, हे पाहावे लागते.

कोविडच्या साथीत हे अधिक ठळक झाले. चीनमधल्या ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्यकर्मचाऱ्यांच्या पाहणीत २०२० च्या आरंभी निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली होती. चांगशा शहरातल्या सेकंड शियांग्या रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी तातडीने ऑनलाइन अभ्यासक्रम, हेल्पलाइन आणि गटसत्रे आखली. कर्मचारी त्यांत भाग घ्यायला नाखूश होते. चिडचिड होत होती, ताण दिसत होता, पण आपल्याला त्रास आहे हे मान्य करायला काही परिचारिका तयार नव्हत्या. अनेक कर्मचाऱ्यांनी सांगितले की त्यांना मानसशास्त्रज्ञ नको, अखंड विश्रांती आणि पुरेशी संरक्षक साधने हवीत. रुग्णालयाने ते ऐकले, ही या प्रसंगातली मोलाची गोष्ट. घरच्यांना संसर्ग होऊ नये म्हणून विश्रांतीची वेगळी जागा दिली, जेवणाची सोय केली, रुग्णालयातल्या दिनक्रमाचे व्हिडिओ घरी पाठवता येतील अशी व्यवस्था केली. न ऐकणाऱ्या रुग्णांना हाताळण्यासाठी सुरक्षारक्षक आले. मग समुपदेशक त्या विश्रांतीच्या जागेत जाऊन बसू लागले आणि लोकांचे ऐकू लागले.

त्याच वर्षी स्पेनमध्ये ४८२ आरोग्यकर्मचाऱ्यांवर एका ॲपची दोन आठवडे चाचणी झाली. एकूण गटात फरक दिसला नाही. आधीपासून मानसोपचार किंवा औषधे घेणाऱ्यांत मात्र सुधारणा आढळली. म्हणजे ॲप एकटे अपुरे पडते, पण चालू असलेल्या उपचाराला हातभार लावू शकते, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

ब्रिटनमध्ये डॉ. क्लेअर जेराडा यांच्या पुढाकाराने २००८ पासून डॉक्टरांसाठी स्वतंत्र, गोपनीय सेवा चालते. तिथे कोणाच्या चिठ्ठीवाचून थेट जाता येते. साथीच्या काळात तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने कर्मचाऱ्यांना अनेक ॲप मोफत दिली आणि इंग्लंडभर ४० साहाय्यकेंद्रे उभी केली. त्या केंद्रांचा मध्यवर्ती निधी मार्च २०२३ मध्ये संपला. साथ ओसरली की कर्मचाऱ्यांचा त्रासही ओसरतो असे मानणे चुकीचे आहे, आणि निधीचे हे वेळापत्रक त्या चुकीचाच नमुना आहे.

भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओ, फोन आणि संदेशांवरून होणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याला चौकट दिली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत मोफत मिळते. तिची मध्यवर्ती संस्था बंगळुरूची निम्हान्स. ही सेवा सर्वांसाठी आहे आणि आरोग्यकर्मचारीही तिचा उपयोग करू शकतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनबरोबर ईमेल आणि चॅटवरही समुपदेशन करते. लिहून बोलण्याची ही सोय वसतिगृहात राहणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला किंवा तिघांत एक खोली असलेल्या निवासी डॉक्टरला फार उपयोगाची, कारण तिथे फोनवर मोकळेपणाने रडताही येत नाही.

गोपनीयतेची धास्ती वैद्यकीय क्षेत्रात इतरांपेक्षा जास्त असते. जिल्ह्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ एक-दोनच असतात आणि ते बहुधा ओळखीचेच निघतात. दूरवरचा अनोळखी समुपदेशक हा ऑनलाइन सेवेचा मोठा लाभ तिथे कळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण रुग्णालयाने स्वतः विकत घेतलेले ॲप असेल आणि त्यात कर्मचारी क्रमांक टाकून शिरावे लागत असेल, तर ‘हे विभागप्रमुखांना कळेल का?’ ही शंका कायद्याचा आधार देऊन जात नाही. नोकरीच्या यंत्रणेपासून पूर्ण तुटक असलेली सेवाच अशा वेळी विश्वासाची ठरते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यात टेली-मानसचा वापर करावा असे सुचवले आहेच. त्याचबरोबर निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे, एक साप्ताहिक सुटी असावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, असेही म्हटले आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत मर्यादा आठवड्याला ४८ तासांची होती. या दोन आकड्यांमधल्या २६ तासांचा भार कोणतेही ॲप उचलू शकत नाही.

आशा सेविकांचा प्रश्न आणखी वेगळा. त्या मानधनावर काम करतात, नियमित कर्मचारी नाहीत; त्यामुळे नोकरदारांसाठी आखलेल्या योजनांच्या कक्षेत त्या सहजी येत नाहीत. मोबाइल त्यांच्या हातात असतो, पण त्यावर आधीच नोंदी आणि व्हॉट्सॲप गटांवरचे आदेश येत असतात. ठरलेली ड्यूटी नसल्याने ती संपण्याची वेळही नसते. त्यांची कार्यक्षमता वॉर्डातल्या प्रश्नावलीने मोजता येणार नाही. गरोदर बाईच्या दारी किती वेळा जाणे झाले, लसीकरणाच्या दिवशी नकार देणाऱ्या घराशी पुन्हा बोलायचे बळ उरले का, रात्री प्रसूतीसाठी सोबत गेल्यावर दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळाली का, असे प्रश्न त्यांच्यासाठीच्या प्रश्नावलीत लागतील, आणि ते आशांशी बोलूनच ठरवावे लागतील.