कापेलचा ऑर्गन, घरच्या स्पीकरवर

मराठीत ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्याला पाइप नसतात. पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या आत थरथरतात, आणि नाटक कंपनीच्या सामानाबरोबर तो गावोगाव हिंडू शकतो. बाख ज्या वाद्यासाठी लिहीत होता ते मात्र इमारतीचाच भाग असते. शेकडो, कधी हजारो पाइप, भाते दाबायला वेगळी माणसे, आणि सूर सुटल्यावरही तो क्षणभर धरून ठेवणाऱ्या भिंती. एकाच शब्दाखाली नांदणारी ही दोन वाद्ये अनुवादात नेहमी घोटाळा करतात.

हे वाद्य घरी येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग. पण रेकॉर्डिंगसाठी आधी ते वाद्य शिल्लक असावे लागते.

हेल्मुट वाल्खा (१९०७–१९९१) यांची दृष्टी तरुणपणीच गेली. बाखच्या रचनेतली एकेक ओळ दुसऱ्याने स्वतंत्र वाजवून दाखवायची, ती पाठ करायची, मग सगळ्या ओळी मनात एकत्र जुळवायच्या, अशी त्यांची पद्धत. १९४७ मध्ये ‘आर्खिव’ या नव्या रेकॉर्ड मालिकेसाठी ते ल्यूबेकला वाजवायला बसले, तेव्हा शहराचा काही भाग ढिगाऱ्यात होता. मार्च १९४२ च्या बाँबहल्ल्यात तिथले मारीएनकिर्ख जळाले होते. बुक्सटेहूडे तिथलाच वादक. त्याला ऐकायला १७०५ मध्ये विशीतला बाख आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर चालत आला होता, अशी प्रसिद्ध हकीगत आहे. चर्चबरोबर तिथले ऑर्गनही गेले. जवळचे याकोबी चर्च वाचले होते. त्यातल्या लहान ऑर्गनवर पहिली रेकॉर्डिंग झाली.

पुढची, १९५० ते १९५२ ची, कापेल या उत्तर समुद्राजवळच्या खेड्यात झाली. तिथला ऑर्गन मुळात खेड्यासाठी नव्हताच. आर्प श्निट्गरने तो १६८० मध्ये हॅम्बुर्गच्या योहानिस मठाच्या चर्चसाठी बांधला. कापेलचे चर्च १८१० मध्ये जळाले, ते पुन्हा उभे राहिले, आणि १८१६ मध्ये गावाने हा ऑर्गन वापरलेल्या अवस्थेत विकत घेतला. श्निट्गरचा हॅम्बुर्गमधला सर्वांत मोठा ऑर्गन, निकोलाई चर्चमधला, पाइपांच्या ६७ संचांचा, १८४२ च्या आगीत नष्ट झाला. तिथल्याच याकोबी चर्चमधल्या ऑर्गनचे दर्शनी पाइप १९१७ मध्ये युद्धासाठी वितळवले गेले. खेड्यात गेलेला तीस संचांचा ऑर्गन बराचसा जसाच्या तसा राहिला.

या रेकॉर्डींवर वाढलेल्या श्रोत्यांच्या कानाला ‘बरोक ऑर्गन’ म्हणजे कापेलचा तो कोरडा, लख्ख, थोडा नाकातला आवाज. मला तो फार आवडतो. तरी बाखच्या काळाचा सरसकट आवाज हाच, असे मानणे धाडसाचे आहे. आपल्याला जे ऐकू येते ते बरेचसे आगी, बाँब आणि जुन्या वस्तूंचे सौदे यांनी ठरवले आहे.

डिजिटल तंत्राने काय बदलले? तबकडीवर जोरदार खर्जाला रुंद खोबण लागते, बाजूवरची मिनिटे कमी होतात. तंत्रज्ञ खर्ज आवरता घेत. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि ही अडचण सुटली. बत्तीस फुटी पाइपचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला साधारण १६ कंपनांचा असतो. तो फाइलीत नीट साठतो. पण फडताळावरचे छोटे स्पीकर त्याच्या बरेच वर हात टेकतात. मग कान वरच्या स्वरांशांवरून खर्जाचा अंदाज बांधतो, आणि चर्चमध्ये बाकाला जाणवणारा धक्का घरच्या खुर्चीला जाणवत नाही.

उलट, हेडफोन लावून सहा ‘त्रिक’ सोनाटांपैकी एखादा ऐकावा. दोन हात आणि दोन पाय मिळून तीन स्वतंत्र ओळी. वाल्खांनी सुट्या सुट्या शिकलेल्या, वाजवतानाही सुट्या ठेवलेल्या. १९५६ ते १९७१ च्या काळात त्यांनी आल्कमार आणि स्ट्रासबुर्गच्या मोठ्या चर्चांमध्ये सगळा बाख पुन्हा, बहुतांशी नव्याने, स्टिरिओत वाजवला. आवाज भरदार आहे. ओळी कळायला मात्र मी जुन्या, एकाच वाहिनीच्या कापेलकडे वळते.

फायलीच्या शेवटी बोटे उचलली जातात, पाइप थांबतात, आणि एक छोटासा घुमारा उरतो. तो १८१० नंतर पुन्हा बांधलेल्या गावच्या चर्चचा. श्निट्गरने ज्या मठाच्या चर्चमध्ये उभा राहून हे पाइप सुरात लावले, तिथला घुमारा कुठल्याच रेकॉर्डिंगवर नाही.