दप्तराबाहेरचा मासा

येडशी गाव ज्या बालाघाटाच्या कडेवर वसले आहे, तेथे पडणाऱ्या पावसाची वाटणी निसर्गाने मोठ्या चोखपणे केलेली आहे: घाटाच्या पश्चिम उतारावरचे पाणी बार्शीच्या अंगाने सीनेला आणि तिच्यावाटे भीमा-कृष्णेला मिळते, तर पूर्वेकडचे तेरणेतून मांजरेत आणि अखेर गोदावरीत उतरते. दोन्ही वाटांनी ते निघून जाते, मागे फारसे राहत नाही. जटायूच्या आख्यायिकेमुळे प्रसिद्ध असलेले रामलिंगाचे देवस्थान आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आलेली व १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोहोचलेली ती जुनी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे, एवढ्यावरच ज्या गावाची ख्याती उभी आहे, त्याच्या मुलुखात माशाचा इतिहास शोधणे हे पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. परंतु जेथे पाणी अडवल्यावाचून गत्यंतर नाही तेथे तलाव होतात, तलाव झाले की त्यांत मासे सोडले जातात, आणि मासे सोडले की न सोडलेलेही काही मासे तेथे येऊन राहतात. हा लेख त्या न सोडलेल्या, मिशीवाल्या, बिनखवल्याच्या माशांचा आहे. शिवडा, शिंगाळा, शिंगटी आणि मांगूर ही त्यांतील मुख्य मंडळी.

तलावात खाद्य घालून मासे पोसावेत आणि मग गळाने धरावेत, ही कल्पना साहेबांनी आपल्याला शिकवली असा जो समज आहे तो निराधार आहे. येडशीहून फार दूर नसलेल्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे, राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तृतीयाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि त्यातील या प्रकरणाचा मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये केला. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व कातडीचे असे माशांचे वर्ग पाडून, कोणाला कोणते खाद्य रुचते हे सांगून, राजा गळ टाकण्यापूर्वी पाण्याच्या ठरावीक जागी माशांना खाद्याची सवय लावण्याचा उपदेश करतो. ज्याला सिंहासन सांभाळायचे आहे त्याने माशांच्या आवडीनिवडीत इतके लक्ष घालावे, याचे मला कौतुक वाटते. मात्र तत्त्व बिनचूक आहे, आणि आजही जो गळवाला पिठाचे गोळे दोनतीन संध्याकाळ एकाच जागी टाकून मग गळ सोडतो, तो नकळत चालुक्यांच्याच शिस्तीने वागत असतो. आपला शिवडाही जुन्या ग्रंथांना अनोळखी नाही: तो म्हणजे संस्कृत ग्रंथांतला पाठीन. अमरकोशाने त्याला ‘सहस्रदंष्ट्र’ म्हटले आहे, आणि ज्याने त्याच्या जबड्यात एकदा बोट घातले असेल त्याला या विशेषणात अतिशयोक्ती वाटणार नाही.

त्यानंतरच्या शतकांत या भागातील पाण्याचा इतिहास हा किल्ल्यांचा व महसुलाचा इतिहास आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा घातला गेला आणि ज्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला, त्याचे वर्णन सर्वांनी वाचलेले आहे; त्या जलाशयात कोण मासे धरीत असे, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. पुढे निजामी अमदानीत येडशीचा हा जिल्हा १९०४ पर्यंत नळदुर्गच्या नावाने आणि पुढे उस्मानाबादच्या नावाने ओळखला जाऊ लागला, तरी हिशेब मांडण्याची रीत एकच राहिली: पाण्याचे मोल ते किती बिघे भिजवते यावर ठरे, आणि त्यातला मासा हा भोयांचा खाजगी मामला असे. हर्रास, गुत्ता, गुत्तेदार हे त्या अमदानीतले शब्द मराठवाड्याच्या तोंडी इतके बसले आहेत की तलावाचा ठेका आजही कित्येक जण त्याच शब्दांत सांगतात. हैदराबाद संस्थानाने मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र कायदा केला तो १३५६ फसलीत, म्हणजे १९४६-४७ मध्ये, संस्थान स्वतःच अस्तंगत होण्याच्या बेतात असताना. याउलट पलीकडे इंग्रजी मुलखात कर्नल साइक्स याने, मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करता करता, नद्यांतील मासेही टिपून घेतले होते, आणि १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावे देताना शिंगाळा व शिंगटी ही कोळ्या-भोयांची नावे जशीच्या तशी लॅटिनच्या पंगतीला बसवली.

मासे ‘सोडण्याचा’ खरा काळ स्वातंत्र्यानंतरचा. आरंभी रोहू, कटला व मृगळ यांचे जिरे (नुकती उबलेली पिले) हुगळीच्या काठावरून मातीच्या हंड्यांत भरून, वाटेत हाताने पाणी ढवळत, आगगाडीने देशभर जाई. नदीतून गोळा केलेल्या त्या जिऱ्यात भक्षक माशांची पिलेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात घडवून आणले, आणि तेव्हापासून निवडक बीज हवे तितके तयार करणे शक्य झाले. मग आला १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणाऱ्या व मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांच्या हातून त्या काळात आणि पुढे रोजगार हमीत मराठवाड्यात पाझर तलाव उभे राहिले, आणि मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिले, सोडायला मत्स्यव्यवसाय खात्याला गावोगाव पाणी मिळाले. १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमाखाली आणि सहकारी संस्थांच्या ठेक्यांत या तलावांची सोय लागली. येथवर सर्व दप्तरात नोंदलेले आहे.

दप्तरात नाही ते असे की पहिल्या मोठ्या पुरात सांडव्यावरून पाणी वाहू लागताच खालच्या ओढ्यातले शिवडे व शिंगट्या उलट्या धारेने वर चढतात आणि बोटुकलीने भरलेल्या तलावात सुखाने प्रवेश करतात. खात्याच्या दृष्टीने ते शत्रू होत. बीज सोडण्यापूर्वी त्यांचा नायनाट करण्यासाठी मोहाची पेंड हेक्टर-मीटर पाण्याला सुमारे २५०० किलो या प्रमाणात टाकावी, असा मत्स्यशेतीचा जुना पाठ आहे. तळ्यात हे जमते, शंभर एकरांच्या तलावात जमत नाही. म्हणून शिवडा टिकून राहिला. आणि मांगुराची तर तऱ्हाच निराळी: त्याला कल्ल्यांबरोबर हवेतून श्वास घेण्याचे जादा इंद्रिय आहे, त्यामुळे चैत्र-वैशाखात तलाव आटून नुसता चिखल उरला आणि कटला केव्हाच तडफडून मेला, तरी हा त्या चिखलात तग धरून राहतो. या दुष्काळी मुलुखाला साजेसा मासा निवडायचा असता, तर मी हाच निवडला असता.

त्याला धरण्याची विद्या मात्र लिखित नाही, ती जुन्या भोयांकडून ऐकूनच कळते. या माशांचा भरवसा डोळ्यांवर नसून मिशांवर असतो. मिशांनीच ते चव घेतात. म्हणून गढूळ पाणी आणि अंधार ही त्यांची वेळ. दिवसा रोहूमागे लागणारा गळवाला पिठाचा गोळा लावतो. संध्याकाळी मिशीवाल्यासाठी गळाला गांडूळ, झिंगा किंवा कोंबडीची आतडी लावावी, आणि ती जितकी वासट तितकी बरी. शिवड्याला मेलेल्या तुकड्यापेक्षा जिवंत लहान मासा किंवा बेडूक अधिक रुचतो, आणि त्याच्या दातांपुढे सुती दोरी टिकत नसल्याने गळाजवळ वीतभर तार लागते. जागा निवडताना वरच्या पाण्याकडे न पाहता तळ आठवावा लागतो: तलाव होण्यापूर्वी ओढ्याचे पात्र कोठून जात होते, ते जेथे खोल आहे तेथे, किंवा ओढा तलावात शिरतो त्या तोंडाशी, गळ तळाला टेकलेला असावा. ज्यांना एका गळावर बसणे परवडत नाही ते दावण टाकतात. एका लांब दोरीला हातभर अंतरावर आखूड दोऱ्यांनी गळ बांधून, दोन्ही टोकांना दगड व खुणेचा तरंगता तुकडा लावून, ती दिवेलागणीला सोडायची आणि पहाटे उचलायची. शिंगटी आमिष कुरतडते, शिवडा ते घेऊन चालू लागतो. पहिल्याच ओढीला हिसका देणारा माणूस रिकामा गळ वर काढतो.

धरल्यानंतरचे शहाणपण अधिक महत्त्वाचे. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या पंखांना दोन असे तीन ताठ काटे असतात, म्हणून त्याला पंखांच्या मागून धरावे. शिंगी नावाच्या लहान माशाचा काटा तर विषारीच. तो लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवण्याचा उपाय खरोखर गुणकारी आहे, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. बाकी मृगाच्या पावसात गाभोळीने भरलेले मासे चढणीला लागतात तेव्हा सांडव्याखाली जाळी लावून त्यांना टोपल्यांनी भरणे, ही जी गावोगाव करमणूक चालते, तिला मी विद्या म्हणत नाही. ती मुद्दलावर टाकलेली धाड आहे.

आता या कथेतली खरी विसंगती. शतकानुशतके ज्याला कोणी सोडले नाही, तो मिशीवाला मासा जेव्हा मनुष्याने मुद्दाम सोडायला घेतला, तेव्हा त्याने नेमका चुकीचा निवडला. परदेशी मूळ असलेला, आपल्याकडे ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जाणारा अतिभक्षक मासा, काही महिन्यांत वाढतो आणि खाटिकखान्यातील टाकाऊ मांसावर पोसता येतो, एवढ्या गुणांवर तळ्यांत भरला गेला. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली; तरीही उजनीच्या पाणलोटालगत इंदापूर भागात आणि तिकडे भिवंडीकडे तो पाळला जातच राहिला, आणि पुढे हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय खात्याला तळीच्या तळी उपसून तो नष्ट करावा लागला. पुरात असे तळे फुटले की तो नदीला लागतो, आणि देशी मांगूर हटतो. येडशीच्या घाटातील ओढ्यांचा काही भाग १९९७ पासून रामलिंग अभयारण्यात आहे आणि तेथे गळ टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण घाटाखालच्या तलावांवर ठेके चालू आहेत. ठेक्याच्या कागदांत रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस यांच्या बोटुकलीची संख्या मांडलेली असते. शिवड्यासाठी रकाना नसतो. गिऱ्हाईक मात्र, त्यात बारीक काटे कमी म्हणून, बाजारात आधी त्याचीच चौकशी करते.